पहिली हातोडी कोणती घ्यावी?

डेंटिंगचे स्वतःचे गॅरेज टाकणारा मुलगा पुण्यातला असो, नाशिकचा असो की एखाद्या तालुक्याच्या गावचा, त्याची वाट साधारण ठरलेली असते. दोन-चार वर्षे तो उस्तादाच्या हाताखाली काढतो, किंवा आयटीआयमधला ‘मेकॅनिक ऑटो बॉडी रिपेअर’ हा एक वर्षाचा अभ्यासक्रम करतो. हात बसतो, ओळखीची गिऱ्हाइके मिळू लागतात आणि रस्त्याकडेचा एखादा गाळा किंवा नुसती पत्र्याची शेड भाड्याने घ्यायचे ठरते. तोवर त्याने वापरलेले प्रत्येक अवजार दुसऱ्याचे असते. ते कुणी निवडले, का निवडले, हा विचार करायची वेळच आलेली नसते. आता खिशात वीस-पंचवीस हजार रुपये असतात, फार तर मुद्रा योजनेच्या शिशू गटातून मिळणारे पन्नास हजारांपर्यंतचे कर्ज. समोर बाजार अफाट असतो. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर दुकानदार चकचकीत पेटी उघडून दाखवतो, मोबाइलवर त्याहून स्वस्त पेट्या दिसतात, आणि शेजारचा गॅरेजवाला सांगतो की आधी कॉम्प्रेसर घे, बाकीचे नंतर बघू. या पैशात काय घ्यावे आणि काय मुळीच घेऊ नये, हा प्रश्न वाटतो तेवढा किरकोळ नाही. पहिल्या वर्षी भलत्या यंत्रात अडकलेला पैसा भाडे थकवतो, आणि भलत्या अवजाराची खूण गिऱ्हाइकाच्या गाडीवर उमटते.

यावर मिळणारे सल्ले बहुधा किमतीपाशी सुरू होतात आणि किमतीपाशीच संपतात. एक म्हणतो, महाग घे, आयुष्यभर टिकेल. दुसरा म्हणतो, शिकाऊ माणसाला स्वस्तच बरे, चांगले नंतर घेता येईल. दोघांचेही मला पटत नाही, कारण दोघेही सगळ्या अवजारांना एकाच मापाने मोजतात. माझ्या मते नवख्याने प्रत्येक वस्तू हातात घेतल्यावर एकच गोष्ट विचारावी: ही वस्तू हलकी निघाली, तर तिची खोट कुठे उतरेल? काही अवजारांची खोट फक्त वेळ खाते. काहींची खोट पत्र्यात किंवा रंगात उतरते आणि तिथेच राहते. काहींची माणसाच्या डोळ्यांत आणि छातीत उतरते. पहिल्या प्रकारात जेवढे स्वस्त मिळेल तेवढे घ्यावे. दुसऱ्या प्रकारात चांगलेच घ्यावे, मग ते जुने असले तरी चालेल. तिसऱ्यात घासाघीस करूच नये. ही वाटणी एकदा डोक्यात बसली की पंचवीस हजारही पुरतात आणि दुकानदाराची पेटी आपोआप बंद होते.

पत्र्यापासून सुरुवात करू. आजच्या मोटारीच्या दाराचा किंवा फेंडरचा बाहेरचा पत्रा साधारण ०.७ ते ०.८ मिलिमीटर जाडीचा असतो. हातोडी आणि मागून धरलेली डॉली यांच्यात तो सापडला की प्रत्येक ठोक्याला थोडा पातळ होतो, पसरतो आणि कडकही होतो. पसरलेला पत्रा मूळच्या जागेत मावत नाही, म्हणून तो फुगतो किंवा बोटाने दाबल्यावर टक् असा आवाज करत आत-बाहेर होऊ लागतो. मग उष्णता देऊन, ओले फडके फिरवून तो आकसून घ्यावा लागतो, आणि ते काम नवख्याच्या हाताबाहेरचे असते. म्हणून डेंटिंगची सगळी शिस्त एका गोष्टीभोवती फिरते: कमीत कमी ठोक्यांत पत्रा जागेवर आणायचा. जिथे पत्रा वर आला आहे तिथे हातोडी, जिथे खाली गेला आहे तिथे मागून डॉलीचा रेटा, आणि दोन्ही समोरासमोर आणून ठोकणे अगदी शेवटी, तेही हलक्या हाताने. अशा कामात हातोडीच्या तोंडाला खड्डा असेल, कड धारदार असेल किंवा तोंड वाकडे बसवलेले असेल, तर प्रत्येक ठोक्यागणिक चंद्रकोरीसारखी एक रेघ पत्र्यात उमटते. ती काढायला आणखी दहा ठोके, त्या दहांच्या आणखी रेघा, आणि शेवटी सगळे पुट्टीखाली झाकायचे. पुण्याच्या तांबट आळीत तांब्याच्या भांड्यांवर मठारकाम होते, तिथे प्रत्येक ठोका भांड्यावर कायमचा दिसत राहतो, म्हणून हातोडीचे तोंड आरशासारखे ठेवण्याला पर्याय नाही. मोटारीच्या पत्र्याचे तसेच आहे. फरक इतकाच की इथे ठोका दिसता कामा नये.

म्हणून पहिला खर्च हातोडीवर, आणि तिची परीक्षा दुकानातच करावी. ट्यूबलाइटखाली हातोडीचे तोंड तिरके धरून पाहावे. ट्यूबचे प्रतिबिंब सरळ किंवा एकसारखे वळत गेलेले दिसले तर तोंड नीट घासलेले आहे. ते मधेच तुटले, थरथरले किंवा खवल्यांसारखे दिसले, तर नुसत्या निकेलच्या मुलाम्याखाली ओबडधोबड लोखंड आहे. मग कडेवरून अंगठा फिरवावा. कड बोटाला लागता कामा नये. दांडा आणि डोके यांच्यात फट नसावी, आणि दांडा धरून डोके हलवल्यावर किंचितही खुळखुळता कामा नये. वजन साधारण तीनशे ग्रॅमच्या आसपास पुरते; जड हातोडीने काम लवकर होते हा समज पत्रा ताणण्यापलीकडे काही देत नाही. अशा दोन हातोड्या बास आहेत. एकीचे एक तोंड सपाट आणि दुसरे किंचित फुगीर, दुसरीला एका बाजूने टोक, म्हणजे छोटे उंचवटे आणि खड्डे टिपता येतात. टोकाच्या हातोडीबाबत एक सावधगिरी: नवी आणली की टोक जरा बोथट करून घ्यावे. सुईसारखे टोक पत्रा वर आणत नाही, त्याला भोक पाडते.

डॉली म्हणजे हातात धरायची ऐरण. ती हातोडीच्या तिपटीच्या आसपास जड असावी, नाहीतर ठोक्याबरोबर उडते आणि पत्र्याला टेका मिळत नाही. इथे स्वस्तात फसवणूक सर्वांत जास्त होते, कारण ओतीव लोखंडाची डॉलीही रंग मारून, घासून पोलादासारखी दिसते. ओतीव लोखंड ठिसूळ असते, कडेचा टवका उडतो आणि तो टवका डोळ्यात जाऊ शकतो. ओळख अवघड नाही. हातोडीने हलकेच वाजवली तर पोलादाची डॉली खणखणते, ओतीवाचा आवाज बद्द येतो. दुकानदाराची हरकत नसेल तर कोपरा ग्राइंडरला लावून पाहावा. पोलादाच्या ठिणग्या लांब आणि पिवळसर-पांढऱ्या उडतात, ओतीवाच्या आखूड आणि लालसर, जवळच विझणाऱ्या. दोन डॉल्यांनी बहुतेक कामे होतात, एक टाचेच्या आकाराची आणि एक सर्वसाधारण, जिच्या वेगवेगळ्या बाजूंना वेगवेगळे वळण असते. तिसरी लागेल तेव्हा घ्यावी.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. जुने उस्ताद रेल्वेच्या रुळाच्या तुकड्यावर आणि घरच्या हातोडीवर अँबॅसेडर आणि पद्मिनी सरळ करत आले. कसब हातात असते, अवजारात काय आहे? कसब हातात असते हे खरेच. पण त्या रुळाच्या तुकड्याकडे नीट पाहिले तर आक्षेप उलटा फिरतो. रुळाचे पोलाद कठीण असते, जड असते, त्याचा माथा हळुवार वळणाचा असतो आणि वर्षानुवर्षांच्या वापराने तो गुळगुळीत झालेला असतो. म्हणजे चांगल्या डॉलीत जे हवे ते सगळे त्यात आहे. उस्तादाने फुकटात मिळालेली कुठलीही वस्तू उचललेली नव्हती, त्याने नेमकी योग्य वस्तू निवडली होती. त्याच्या हातोडीचे तोंड पाहावे, ते लखलखीत असते. अवजाराची पारख हाही त्याच्या कसबाचाच भाग आहे, आणि शिष्याला उस्ताद बहुधा तेवढीच गोष्ट तोंडाने सांगत नाही. रुळाच्या तुकड्याबद्दल मात्र आज एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. भंगारातून असा तुकडा घेतला आणि तो कुठून आला याचा कागद नसला, तर रेल्वे मालमत्ता (बेकायदा ताबा) कायदा, १९६६ खाली अडचणीत येता येते. जुन्या ट्रकचा पाटा घेतला तर तशी भानगड नसते. कमानीच्या पाट्याचे पोलाद लवचिक आणि कणखर असते, त्याच्यापासून लोहाराकडून पत्र्यामागे घालायचा उत्तम चमचा करून मिळतो. फक्त घासताना तो निळा पडेपर्यंत तापू द्यायचा नाही, मधूनमधून पाण्यात बुडवायचा, नाहीतर पोलादाचा कस जातो.

दुसरा आक्षेप असा की शिकाऊ माणूस अवजाराची नासधूस करणारच, मग महाग कशाला? माझे उत्तर उलट आहे. मुरलेला कारीगर वाईट हातोडीनेही काम निभावतो, कारण पत्र्यावर उमटलेली खूण हातोडीची की आपल्या ठोक्याची, हे त्याला कळते. नवख्याला ते कळत नाही. त्याला वाटते आपलेच चुकते आहे, म्हणून तो मनगट बदलतो, जोर बदलतो, आणि चुकीच्या अवजाराशी जुळवून घेतलेली सवय हातात मुरते. शिवाय दोन चांगल्या हातोड्या आणि दोन डॉल्यांची किंमत चाळीस नगांच्या पेटीपेक्षा सहसा जास्त होत नाही. त्या पेटीतल्या नगांपैकी निम्मे पान्याचे सॉकेट आणि चिमटे असतात. पान्यांबद्दल मी कंजुषीच सुचवेन. पाना निसटला तर बोल्टची कड जाते, वेळ जातो, पण दार खराब होत नाही. बंपर, दिवे, दाराचे ट्रिम काढायला लागणारे पाने आणि स्क्रू ड्रायव्हर नाशिकच्या टपारियासारख्या देशी कंपनीचे सुटे घ्यावेत, लागतील तेवढेच. प्लॅस्टिकच्या क्लिपा काढायच्या पट्ट्या तर स्वस्तातल्या स्वस्त चालतात.

हात आत पोचत नाही अशा जागांचे काय? दाराखालची चौकट, मागचा फेंडर, दुहेरी पत्र्याचे खांब, इथे मागून डॉली लावता येत नाही. याच जागा दाखवून दुकानदार वॉशर जोडून पत्रा ओढणारे यंत्र विकतो, आणि तो खोटे बोलत नाही, ते यंत्र खरोखर कामाचे आहे. तरी पहिल्या खरेदीत ते घेऊ नये असे मला वाटते. त्याने एका जागी जास्त करंट दिला की ०.७ मिलिमीटरच्या पत्र्याला भोक पडते, आणि आतल्या बाजूचा गंजरोधक थर प्रत्येक डागापाशी जळतो. जळलेल्या जागी मागून पुन्हा थर देता आला नाही, तर दोन पावसाळ्यांत तिथे गंजाचा फोड दिसतो. म्हणजे हे दुसऱ्या प्रकारातले अवजार आहे, खोट पत्र्यात उतरवणारे. अशी कामे पहिल्या सहा महिन्यांत शेजारच्या गॅरेजला द्यावीत किंवा त्यांचे यंत्र दिवसाच्या भाड्याने आणावे. मोबाइलवर पाचशे रुपयांना दिसणारे सक्शनचे आणि गोंदाचे पुलर वेगळे. ते उथळ, गोलसर, रंग न फुटलेल्या पोच्यावर चालतात. घडी पडलेल्या, रेघ उमटलेल्या पोच्यावर नाही. पण त्यांनी बिघडत काही नाही, म्हणून घ्यायला हरकत नाही.

नवख्याकडे येणारे काम प्रत्यक्षात कोणते असते, हेही पाहायला हवे, कारण ‘आजकाल डेंट काढतोच कोण, शोरूमवाले पॅनेलच बदलतात’ असे हमखास ऐकू येते. शोरूममध्ये ते खरे आहे. बाहेरच्या गॅरेजचे पोट मात्र विम्याच्या हिशेबावर चालते. वर्षभर दावा केला नाही तर मालकाला स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठीच्या हप्त्यात सूट मिळते, ती पहिल्या वर्षी २० टक्के आणि पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत चढते. एक दावा केला की ती जाते. त्यात १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक दाव्यामागे सक्तीचे १००० रुपये मालकाने भरायचे असतात, आणि घसारा माफ करणारे ‘झिरो डेप’चे संरक्षण नसेल तर प्लॅस्टिक आणि रबराच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो. पार्किंगमध्ये लागलेल्या एका पोच्यासाठी शहाणा मालक दावा करत नाही, तो रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये येतो. म्हणून नवख्याचे काम म्हणजे दाराचे पोचे, फेंडरच्या कडा आणि फार मोठ्या प्रमाणात बंपर. बंपरच्या आतल्या बाजूला त्याचे प्लॅस्टिक कोणते ते छापलेले असते, बहुतेक ठिकाणी पीपी आणि ईपीडीएमचे मिश्रण. त्याला तडा गेला तर तापलेली वळणदार तार आत रुतवून टाके घालणारे छोटे यंत्र मिळते, ते महाग नाही, आणि त्याची खोट आतल्या बाजूला राहते. माझ्या यादीत ते वॉशरच्या यंत्राआधी येते. पीपीवर प्रायमर थेट धरत नाही, आधी प्लॅस्टिकसाठीचा चिकट थर लागतो, हे विसरून केलेला बंपर पहिल्या प्रेशर वॉशला सोलून निघतो.

आता अशा खोटीकडे वळू जी त्या दिवशी दिसतच नाही. पुट्टी, पॉलिश पेपर आणि हवा, या तिन्हींचा हिशेब गाडी गेल्यावर महिन्या-दीड महिन्याने लागतो. पॉलिएस्टर पुट्टीत हार्डनर वजनाच्या साधारण २ टक्के घालायचा असतो, म्हणजे शंभर ग्रॅमला दोन ग्रॅम. अंदाजाने पिळलेला हार्डनर जास्त झाला तर त्यातले पेरॉक्साइड रंगातून डाग बनून वर येते, कमी झाला तर पुट्टी आतून मऊ राहते. स्वयंपाकघरात वापरतात तसला डिजिटल वजनकाटा काही शेकड्यांत मिळतो, आणि मला वाटते हातोडीनंतरची सर्वांत शहाणी खरेदी तीच. पुट्टीचा थर घासून झाल्यावर तीन मिलिमीटरच्या आत राहिला पाहिजे. जास्त लागत असेल तर ठोकाठोकी अपुरी झाली असे समजावे. पेपर स्वस्तातला घेतला तर त्याचे कण एकसारखे नसतात. मधेच एखादा जाडा कण खोल चर पाडतो, त्या वेळी प्रायमरने तो भरलेला वाटतो, आणि सॉल्व्हंट उडून गेल्यावर रंग खाली बसतो तसा तो चर उन्हात दिसू लागतो. ८० नंबरवरून थेट ३२० वर उडी मारण्याचा परिणामही तोच. म्हणून पेपर नावाजलेल्या कंपनीचा, नंबरच्या आधी ‘पी’ छापलेला, आणि टप्प्याटप्प्याने चढत जाणारा घ्यावा. उरणजवळच्या मोऱ्याच्या कारखान्यात नॉर्टनचे अब्रेसिव्ह तयार होतात; चांगला पेपर परदेशातून मागवायची गरज नाही. घासायचा लाकडी किंवा फोमचा ठोकळा मात्र स्वस्तातला चालतो, घरी केलेलाही.

एक सवय इथे मोडायला हवी, ती पुट्टीवर पाणी मारून घासण्याची. वॉटर पेपरने ओले घासले की धूळ उडत नाही, हात हलका चालतो, म्हणून अनेक गॅरेजांत सर्रास तसेच करतात. पॉलिएस्टर पुट्टी पाणी शोषते, ते पत्र्यापर्यंत पोचते, आणि वरून प्रायमर मारला की कोंडले जाते. पुढच्या उन्हाळ्यात फोड येतात, फोडाखाली गंज निघतो आणि दोष पुट्टीच्या कंपनीला दिला जातो. पुट्टी कोरडी घासावी, पाणी प्रायमरच्या वर वापरावे. कोरडे घासायचे तर धूळ होणार, हा आक्षेप रास्त आहे. त्यासाठी धूळ ओढून पिशवीत घेणारा विजेवरचा गोल सँडर घ्यावा आणि तोंडाला मास्क बांधावा. हवेवर चालणारा सँडर हलका आणि छान असतो, पण त्याला सतत इतकी हवा लागते की नवख्याचा छोटा कॉम्प्रेसर धापा टाकतो.

कॉम्प्रेसरबद्दल माझे मत शेजारच्या गॅरेजवाल्याच्या नेमके उलट आहे: तो पहिल्या यादीत नसावाच. त्याच्या पाटीवर छापलेला सीएफएमचा, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा याचा, आकडा बऱ्याचदा पिस्टन किती हवा आत खेचतो त्याचा असतो, नळीतून बाहेर किती येते त्याचा नसतो, आणि दोन्हींत मोठी तफावत असते. एक अश्वशक्तीचा कॉम्प्रेसर कामाच्या दाबाला साधारण तीन-चार सीएफएम देतो. रंग मारायच्या एचव्हीएलपी प्रकारच्या गनला आठ ते चौदा लागतात. म्हणजे अर्धे दार मारून होते तोवर दाब पडतो, फवाऱ्याचे थेंब जाड होतात आणि संत्र्याच्या सालीसारखा रंग बसतो. त्यात कोकणात, मुंबईत, पावसाळ्यात कुठेही, टाकीत पाणी साचते. ते रोज संध्याकाळी सोडले नाही आणि हवा थंड होईल इतक्या अंतरावर पाण्याचा सापळा लावला नाही, तर रंगात माशाच्या डोळ्यांसारखे खड्डे पडतात. चांगला कॉम्प्रेसर, चांगली गन, सापळा, धूळमुक्त जागा यांची बेरीज पंचवीस हजारांत होत नाही. आपल्याकडे डेंटर आणि पेंटर ही दोन वेगळी कामे आहेत, आयटीआयमध्येही रंगकामाचा अभ्यासक्रम वेगळा आहे. त्या विभागणीचा फायदा घ्यावा. पत्रा, पुट्टी आणि प्रायमरपर्यंतचे काम आपण करावे, रंगासाठी गाडी पेंटरकडे पाठवावी आणि कमिशनचा हिशेब आधी ठरवून घ्यावा. गाडी अर्धवट सोडणारा डेंटर म्हणून गिऱ्हाईक हसेल, अशी भीती दाखवली जाते. गिऱ्हाइकाला तयार गाडीशी मतलब असतो. सहा-आठ महिन्यांनी कामाचा अंदाज आला की कॉम्प्रेसर निदान दोन अश्वशक्तीचा, पट्ट्यावर चालणारा, मोठ्या टाकीचा घ्यावा.

ज्या दिवशी गन हातात येईल त्याच्या आधी मास्क आलेला असला पाहिजे, आणि या बाबतीत मी कुठलाही आक्षेप मान्य करणार नाही. ‘आमच्या उस्तादाने आयुष्यभर ओला रुमाल बांधून रंग मारला’ हे वाक्य जुन्या एनसी रंगाच्या काळातले आहे, आणि तेव्हाही ते फारसे बरोबर नव्हते. आजच्या टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून मारायच्या, क्लिअरच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. ब्रिटनच्या एचएसई या सरकारी संस्थेने ते व्यवसायातून होणाऱ्या दम्याचे प्रमुख कारण मानले आहे, आणि गाड्या रंगवणारे त्यात सर्वांत धोक्याच्या गटात आहेत. त्याचा सूक्ष्म फवारा उघड्या डोळ्यांना दिसत नाही, घातक पातळीला त्याचा वासही येत नाही. एकदा शरीराने ते धरले की नंतर अगदी थोड्या मात्रेनेही दम लागतो, आणि मग हा धंदा सोडण्यावाचून इलाज राहत नाही. म्हणूनच एचएसई बाहेरून स्वच्छ हवा पुरवणाऱ्या मुखवट्याचा आग्रह धरते. तो परवडेपर्यंत टू-के मारूच नये, हे कॉम्प्रेसर लांबणीवर टाकण्याचे आणखी एक कारण. पुट्टीच्या धुळीसाठी चेहऱ्याला घट्ट बसणारा धुळीचा मास्क, प्रायमर आणि थिनरच्या वाफेसाठी कार्ट्रिज बदलता येणारा अर्धा मुखवटा, आणि ग्राइंडर वापरताना डोळ्यांवर बाजूने बंद असलेला चष्मा, हे पहिल्या दिवसापासून हवे. ग्राइंडरचे गार्ड काढून ठेवायची पद्धत आहे, ती चुकीची आहे. जड चाकाने रंग खरवडला तर तो ०.७ मिलिमीटरचा पत्राही खातो. रंग काढायला जाळीदार मऊ चकती लावावी.

काय घेऊ नये, यात शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगाड्याची. डिसेंबर २०१८ मध्ये टाटा नेक्सॉनला ग्लोबल एनसीएपीच्या अपघात-सुरक्षा चाचणीत पाच तारे मिळाले, भारतात बनलेल्या गाडीला ते पहिल्यांदाच, आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनसीएपी सुरू झाले. तेव्हापासून गिऱ्हाईकही तारे विचारून गाडी घेते. ते तारे मिळवण्यात खांबांच्या आणि चौकटीच्या अतिकठीण पोलादाचा मोठा वाटा असतो, आणि ते पोलाद गॅसच्या ज्योतीने तापवले की त्याची ताकद जाते. वरून रंग मारल्यावर ते कुणाला दिसत नाही, पुढच्या अपघातात कळते. म्हणून चेसिस ओढायचे हायड्रॉलिक यंत्र, गॅस वेल्डिंगचा संच, यांच्यावर नवख्याने पैसे घालू नयेत आणि खांब वाकलेली गाडी घेऊच नये, कितीही पैसे मिळत असले तरी. साध्या पॅनेलला मिग वेल्डिंग करायची वेळ आली तरी बॅटरीचे टर्मिनल आधी काढावे आणि एअरबॅगच्या सूचना वाचाव्यात.

हातात २५,००० रुपये आहेत असे धरले, तर माझी वाटणी अशी राहील: हातोड्या, डॉल्या आणि चमचा यांना ६,०००, धूळ ओढणारा सँडर ५,०००, पेपर, पुट्टी, प्रायमर आणि ठोकळे ४,०००, मुखवटा, चष्मा, हातमोजे ३,०००, जॅकने उचललेल्या गाडीखाली ठेवायचे मजबूत स्टँड २,५००, पाने आणि क्लिपांच्या पट्ट्या २,०००, बंपरचे टाक्यांचे यंत्र १,५००, आणि उरलेल्या हजारात एलईडीची लांब पट्टी, वजनकाटा, पावडर. ती पट्टी कमी लेखू नये. दाराला समांतर धरली की तिचे प्रतिबिंब पत्र्यावर पडते आणि कुठला भाग वर, कुठला खाली, हे बोटांआधी डोळ्यांना कळते. काळी पावडर पुट्टीवर चोळून मग घासले की खळग्यात काळे राहते आणि उंचवटे पांढरे होतात. भाव गावागावांत बदलतील, दुकानात घासाघीस होईल, पण मुखवट्याची रक्कम सँडरकडे वळवायची नाही.

आता सरकारकडे एक मागणी. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अवजारांच्या संचासाठी १५,००० रुपये मिळतात. तिच्या १८ व्यवसायांत लोहार आहे, कुलूप बनवणारा आहे, हातोडा आणि अवजारांचा संच बनवणाराही आहे. त्या हातोडीने गाडीचा पत्रा सरळ करणारा डेंटर नाही आणि पेंटरही नाही. गुरूच्या हाताखाली शिकण्याची परंपरा, हाताने आणि अवजाराने करायचे काम, स्वतःचा छोटा धंदा, या सगळ्या गोष्टी त्यांच्या कामात आहेत. वरच्या यादीतल्या हातोड्या, सँडर आणि मुखवटा १५,००० रुपयांच्या आत बसतात. केंद्राने या दोन व्यवसायांचा यादीत समावेश करावा, आणि जो संच दिला जाईल त्यात मुखवटा सक्तीचा ठेवावा.